चादरीच्या पिशवीतलं कर्ज

प्रश्न : मुलाच्या पुण्यातल्या इंजिनिअरिंगसाठी २०१८ मध्ये साडेआठ लाखांचं कर्ज काढलं. घराचं खरेदीखत बँकेत गहाण आहे. मध्येच बँक दुसऱ्या बँकेत गेली, खातेनंबर बदलला. आता चार हप्ते उरलेत. सगळे कागद चादरीच्या पिशवीत कोंबलेत. काय ठेवू, काय फेकू?
– एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, चेनची ती पिशवी आमच्याही घरी आहे, त्यात लाइटबिलं असतात. पिशवीला नावं ठेवू नका, आतलं बाहेरून दिसतं तरी! पण आधी कागद जमिनीवर पसरून तारखेप्रमाणे लावा. कर्ज फिटेपर्यंत फेकायचं काहीच नाही.

मंजुरीपत्र आणि करारनामा सगळ्यात वर. त्यालाच खातेनंबर बदलल्याचं पत्र टाचा. जुना नंबर आणि नवा नंबर एकाच कर्जाचे, हे सांगणारा तेवढाच कागद असतो.

मशीनमधून येणाऱ्या गुळगुळीत पावत्यांची आजच झेरॉक्स काढा. एकतीस वर्षं बँकेत काढून मीच फसलो. मुलीच्या कर्जाच्या पावत्या पत्र्याच्या कपाटात ठेवल्या, आपल्याकडचा एक मे महिना गेला आणि हातात पांढऱ्या पट्ट्या राहिल्या. शेवटी खातेउतारा काढून भागवलं.

व्याजाचा दाखला दरवर्षी मागून घ्या. ८०ई म्हणून ओळखली जाणारी शैक्षणिक कर्जाची आयकर सवलत फक्त व्याजावर मिळते, मुदलावर नाही, आणि तीही जुनी करपद्धत घेतली तरच.

खरी कसोटी शेवटच्या हप्त्यानंतर. ‘खाते बंद, येणे बाकी नाही’ असा दाखला लेखी घ्या, फोनवरच्या ‘झालं हो काकू’वर घरी येऊ नका. अर्ज दोन प्रतींत न्या, आपल्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. पूर्ण फेड झाल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे, बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. मात्र दिवस मोजायला तारखेचा पुरावा लागतो.

खरेदीखत हातात आलं की ‘मिळाले’ म्हणून सही करण्याआधी तिथेच काउंटरवर पानं मोजा. मागे लोक खोळंबले तरी खोळंबू देत.