होल म्हणजे खड्डा नव्हे, आणि छिद्रही नव्हे

नाशिकच्या एका अभियांत्रिकी विद्यार्थिनीचा प्रश्न : ‘संगणकावर पर्सिस्टंट होमॉलॉजी शिकते आहे. हा विषय मंडळात मराठीतून सांगायचा आहे. पर्सिस्टंट होमॉलॉजीला काय म्हणावं? आणि होलला छिद्र म्हटलं तर चालेल ना?’

नाही चालणार. होमॉलॉजी म्हणजे आकारातली होल मोजायची गणिती रीत, आणि पर्सिस्टंट होमॉलॉजी त्यातलं कोणतं होल किती टिकतं ते पाहते. पण त्याआधी ‘खड्डा’ बंद करा. ‘मेदूवड्याच्या मधे खड्डा असतो’ हे टोपॉलॉजी, म्हणजे रबरासारखे ताणले तरी न बदलणाऱ्या गुणांचं गणित, समजावताना इतक्या वेळा ऐकलं आहे की आता कान किटले. खड्ड्याला तळ असतो. पावसाळ्यात रस्त्यात पडतो तो खड्डा. रस्ता रबराचा असता तर ताणून सपाट झाला असता. टोपॉलॉजीच्या लेखी तो नसतोच. बटाटेवड्यात अंगठा दाबा, पडेल तो खड्डा. मेदूवड्यात बोट आरपार जातं. या दोन गोष्टींना एकच शब्द वापरला की विषय तिथेच संपला.

आता छिद्र. मूळ धातू छिद्, म्हणजे कापणे. ग्रीकमधलं ‘स्खिझेइन’, म्हणजे फाडणे, हे त्याचंच भावंड, आणि त्यातूनच ‘स्किझोफ्रेनिया’ आला. छिद्र म्हणजे कापून, फाडून झालेली जागा. म्हणूनच उणी शोधत फिरणारा छिद्रान्वेषी. शिवाय गणिताने या धातूला आधीच राबवून घेतलं आहे : अपूर्णांकाचा छेद, दोन संचांचा छेद, शंकूचा छेद, समांतर रेषांची छेदिका. सगळीकडे काहीतरी कापलं जातंय. होमॉलॉजीत कोणी काही कापत नाही. तिथे प्रश्न एवढाच असतो की एक बंद वेढा आहे, तो कशाची कड आहे की नाही? संस्कृत शब्द लावला की परिभाषा झाली, असं मानणाऱ्यांनी या धातूकडे एकदा नीट पाहावं. ‘विवर’ सुचवणारेही आहेत, पण विवर आत जातं, पलीकडे निघेलच असं नाही. ‘रंध्र’ वनस्पतिशास्त्राने पानांसाठी घेतलं आहे.

आपल्याकडे नेमका शब्द पडून आहे : नेढं. सुईचं नेढं. आणि सह्याद्रीत डोंगराच्या धारेला आरपार भोक असेल तर तेही नेढंच. तुम्ही नाशिकच्या, तेव्हा सप्तशृंगीजवळचा मोहनदरीचा किल्ला पाहा. त्याच्या कातळभिंतीतून आभाळ दिसतं. त्याच सातमाळा रांगेत धोडप आहे. त्याच्या भिंतीला मोठी खाच आहे, पण ती वरून उघडी. धोडपची खाच रबरासारखी ताणून भरता येते, मोहनदरीचं नेढं कितीही ताणलं तरी जात नाही. हा फरक गावातल्या माणसाने शब्दातच करून ठेवला आहे, खाच वेगळी आणि नेढं वेगळं. फ्रेंच गणितज्ञ पॉईन्कारेने १८९५ साली हा विषय गणितात उभा केला, तोही असाच भेद शोधत होता.

संगणकाला हे कसं कळतं? तीन काड्यांचा त्रिकोण घ्या. प्रत्येक काडीची कड म्हणजे तिची दोन टोकं. तिन्ही काड्यांच्या कडा एकत्र मांडल्या की प्रत्येक टोक दोनदा येतं, आणि दोनदा आलेलं खोडायचं असा नियम धरला की हाती शून्य उरतं. म्हणजे वेढा बंद आहे. मधे कागद चिकटवलेला नसेल तर हा वेढा कशाचीच कड नाही : एक नेढं. कागद चिकटवला की नेढं बुजलं. संगणक हेच शून्य-एकच्या भल्यामोठ्या कोष्टकात स्तंभामागून स्तंभ खोडत करतो. रिप्सर, गुधी ही त्यासाठीची सॉफ्टवेअर आहेत. (‘गुधी’ ऐकून गुढीपाडव्याशी नातं जोडू नका. ती फ्रान्समध्ये तयार झाली आणि नाव इंग्रजी आद्याक्षरांचं आहे.)

एक गंमत सांगतो. मोहनदरीचा उंचीचा नकाशा संगणकाला दिला तर नेढं सापडणारच नाही. त्या नकाशात प्रत्येक जागेला एकच उंची असते, आणि नेढ्याच्या जागी तर खाली कातळ, मधे हवा, वर पुन्हा कातळ. चहूबाजूंनी फोटो काढून बिंदूंचा ढग तयार करावा लागेल.

मोजणीची भाषा अशी ठेवा : तुकडे, नेढी, पोकळ्या. मेदूवडा १, १, ०. सायकलची फुगवलेली ट्यूब, नुसतं रबर धरलं तर, १, २, १ : एक नेढं चाकाच्या बाजूचं, दुसरं नळीच्या घेराचं, आणि आत कोंडलेली हवा ही पोकळी.

राहिला तुमचा पहिला प्रश्न. होमॉलॉजी तशीच राहू द्या, कारण ‘समजातीय’ म्हटलं की दहावीची रसायनशास्त्रातली श्रेणी आठवते. पर्सिस्टंटला मात्र ‘स्थायी’ म्हणू नका. बिंदूंच्या ढगातल्या प्रत्येक बिंदूभोवतीचा गोळा फुगवत गेलं की नेढी जन्मतात आणि बुजतात. एडेल्सब्रुनर, लेचर आणि झोमोरोडियन यांनी २००० साली मांडलेली कल्पना हे आयुष्यच मोजते. लगेच बुजलं ते बहुधा गोंगाट, म्हणजे मोजमापातला गोंधळ, उशिरापर्यंत टिकलं ते खरं. पण गोळे पुरेसे फुगले की प्रत्येक नेढं बुजतंच, शेवटी एक अखंड तुकडा उरतो. स्थायी नेढं एकही नाही. जे लवकर जात नाही पण अखेर जातं, त्याला मराठीत चिवट म्हणतात. चिवट होमॉलॉजी म्हणा.