बाळ घरी येण्याआधी पान्ह्याची तयारी

प्रिय मुली,

दत्तक बाळ घरी यायला अजून दोन-अडीच महिने आहेत ना, मग तयारीला आजच लाग. गरोदरपण नसतानाही अंगावर दूध येऊ शकतं. त्यासाठी स्तनातल्या ग्रंथी लागतात आणि मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीकडून येणारी दोन संप्रेरकं: प्रोलॅक्टिन दूध तयार करतं, ऑक्सिटोसिन ते खाली उतरवतं. दोन्ही चोखण्याने जागी होतात. मात्र बाळाचं पोट भरेल इतकं दूध फार थोड्याजणींना येतं. वरचं दूध लागणारच, हे धरून चाल.

दोन्ही बाजूंना एकदम लावता येणारा विजेवरचा पंप घे. सुरुवात पाच मिनिटांनी कर आणि हळूहळू 15 ते 20 मिनिटांपर्यंत जा, दिवसातून आठ वेळा. त्यातली एक वेळ रात्रीची ठेव, कारण तेव्हा प्रोलॅक्टिन जास्त असतं. पहिले काही आठवडे बाटली कोरडीच राहील. मग कधीतरी बोंडीच्या टोकाशी पाण्यासारखा एक थेंब दिसेल. तो मोजत बसू नकोस, वेळ चुकवू नकोस.

बहुतेकींचं चुकतं ते पंपाच्या फनेलचं, म्हणजे स्तनावर बसणाऱ्या कपाचं, माप. नळीत बोंडी मोकळी पुढे-मागे सरकली पाहिजे. कडेला घासून लाल होत असेल तर फनेल लहान आहे. भोवतालचा काळा भाग बराचसा आत ओढला जात असेल तर मोठं. ओढ वाढवली की दूध वाढतं हा गैरसमज. दुखायला लागलं की ऑक्सिटोसिन अडतं आणि आहे तेही उतरत नाही. ओढ अचानक मंदावली तर मोटरला दोष देण्याआधी पंपाचा रबरी व्हॉल्व्ह (झडप) उजेडात धरून बघ. चीर नीट मिटत नसेल तर तो बदल.

दिवसातल्या एका पाळीऐवजी हा तासाभराचा क्रम कर: 20 मिनिटं पंप, 10 थांब, 10 पंप, 10 थांब, 10 पंप. भूक वाढली की बाळ सारखं-सारखं पितं, त्याची ही नक्कल.

दूध यावं म्हणून डॉम्पेरिडोन (मुळात मळमळीवरचं औषध) किंवा गर्भनिरोधक गोळ्यांचा कोर्स कोणी सुचवेल. पहिल्याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात, दुसऱ्याने रक्तात गुठळ्या होऊ शकतात. तुझा इतिहास नीट विचारणाऱ्या डॉक्टरांशिवाय यातलं काहीही नको.

बाळ आल्यावर त्याला उघड्या छातीवर झोपव आणि वरचं दूध बारीक नळीतून पाज. नळीचं एक टोक दुधाच्या बाटलीत, दुसरं बोंडीशी चिकटपट्टीने लावलेलं, टोकाच्या किंचित पुढे. बाटली वर धरली तर दूध जोरात येईल, खाली नेली तर बाळाला कष्ट घ्यावे लागतील. आधी बोंडीच्या पातळीवर ठेव. तोंड मोठं उघडलं, हनुवटी स्तनाला टेकली, खालचा ओठ बाहेर वळला, की पकड बरोबर.

वरचं दूध अंदाजाने कमी करू नकोस, पाणी घालून पातळ तर मुळीच नको. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत निदान सहा ओल्या लंगोट्या आणि दर आठवड्याला वाढणारं वजन, हे दोन्ही जमलं तरच बाळाच्या डॉक्टरांना विचारून थोडं-थोडं कमी कर.

आणि पाजून झाल्याबरोबर नळी आधी थंड, मग गरम साबणपाण्याने सिरिंजने धुऊन काढ. आत दूध वाळलं की ती फेकावीच लागते.

तुझी,
ताई