एचओ स्केलचा बॉक्सएन वॅगनचा किट खऱ्या डब्याशी किती जुळतो, हे कसं तपासायचं?

तुमचा प्रश्न असा: बॉक्सएनचा, म्हणजे रेल्वेच्या कोळसा वाहणाऱ्या उघड्या मालडब्याचा, जुळवायचा रेझिन किट आणलाय, खोक्यावर १:८७ (खऱ्याच्या ८७ पट लहान, म्हणजेच एचओ स्केल) छापलंय, आणि जुळवायला घेण्याआधी तो कितपत खरा आहे ते बघायचंय. मी नाशिकरोडचा. एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या कोळशाच्या रेक बघण्यात बराच वेळ घालवलाय, म्हणून उत्तर जरा लांबणार.

शिड्या, कड्या, ब्रेकचे पाइप यांच्याकडे आत्ता बघूच नका. ते तारेचे करून नंतर लावता येतात. आधी मोजायचं ते, जे नंतर बदलता येत नाही. बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर कॅलिपर लागेल. घरात नसला तर सातपूर-अंबडला कामाला असणारं कुणीतरी ओळखीचं निघतंच.

खरी बॉक्सएन कपलरसकट (डबे जोडायच्या आकड्यांसकट) १०,७१३ मिमी लांब, एका हेडस्टॉकपासून (डब्याच्या सांगाड्याच्या टोकाच्या आडव्या तुळईपासून) दुसऱ्यापर्यंत ९,७८४. दोन बोग्यांच्या (बोगी म्हणजे इथे डबा नव्हे, त्याखालचा चाकांचा गाडा) केंद्रांत ६,५२४ मिमी, रुळाच्या माथ्यापासून उंची ३,२२५. हे ८७ ने भागलं की हेडस्टॉकचं माप ११२.५, बोगी केंद्रं ७५ आणि उंची ३७ मिमी येते. पण मी हिशेब उलटा करतो: खरं माप घ्यायचं आणि किटच्या मापाने भागायचं. प्रत्येक वेळी ८७ च्या आसपास आकडा आला तर डिझाइन करणाऱ्याने ड्रॉइंग समोर ठेवलं होतं. सगळीकडे सारखाच ८८ आला तर रेझिन आकसलंय, एवढंच, चालतं. सगळीकडे ७६ आला, म्हणजे हेडस्टॉकचं माप १२८ मिमीपर्यंत गेलं, तर तो ओओ स्केलचा (१:७६) किट आहे, खोक्यावर काहीही लिहिलेलं असो. आणि लांबीत ८७, उंचीत ८०? मग फोटोवरून अंदाजाने काढलाय. असा किट मी परत देईन.

खरी गोम बोगीत असते. बॉक्सएनखाली कॅसनब बोगी असते: दोन धुऱ्यांत २,००० मिमी, नवीन चाकाचा व्यास १,००० मिमी. किटमध्ये हे अनुक्रमे २३ आणि ११.५ मिमी यायला हवं. पुष्कळदा खोक्यात निघते ती तयार अमेरिकन मालडब्याची बोगी, कारण ओतीव पोलादाच्या दोन्ही बोग्या लांबून सारख्याच दिसतात. पण अमेरिकन बोगीत धुऱ्यांतलं अंतर २० मिमीच्या आसपास असतं, आणि ३३ इंची चाक या स्केलमध्ये ९.६ मिमीचं होतं. मग वरचा डबा कितीही सुबक असला तरी थोराड माणसाने पोराच्या चपला घातल्यासारखा दिसतो. शिवाय तो खाली बसतो. आपल्या ब्रॉडगेजवर रिकाम्या वॅगनच्या कपलरची उंची जास्तीत जास्त १,१०५ मिमी, म्हणजे मॉडेलमध्ये १२.७, अमेरिकन कपलर १० मिमीवर असतो. म्हणून ३७ मिमीची उंची नुसत्या बॉडीवर नाही, बोग्या लावून रुळावर उभं करून मोजा.

गेजवरून, म्हणजे दोन रुळांतल्या अंतरावरून, मात्र किट बनवणाऱ्याला शिव्या घालू नका. १,६७६ मिमीचं ब्रॉडगेज १:८७ मध्ये १९.३ मिमी होतं आणि बाजारातला एचओ रूळ १६.५ मिमीचा, तो मुळात १,४३५ मिमीच्या स्टँडर्ड गेजसाठी. ही तडजोड आपण सगळ्यांनीच पत्करलीय. फक्त एवढं बघा की अरुंद रुळावर शोभावी म्हणून त्याने बॉडीचीही रुंदी मारलेली नाही. खरी ३,२०० मिमी आहे, तुमच्याकडे ३६.८ भरली पाहिजे.

नुसतं ‘बॉक्सएन’ म्हणूनही भागत नाही. बॉक्सएनएचएल ही वेगळी वॅगन, कपलरसकट १०,९६३ मिमी, म्हणजे मॉडेलमध्ये जवळजवळ ३ मिमी लांब. एकीच्या बाजू आणि दुसरीची लांबी अशी भेसळ होते. बाजूचे उभे खांब आणि दारं फोटोवरून मोजून ताडून पाहा. फोटो नाशिकरोडच्या फलाटावरून किंवा पादचारी पुलावरून मिळतो. पुलावरून डब्याचं आतलं अंगही दिसतं. रुळांत उतरू नका, रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली तो गुन्हा आहे.

उघडा डबा असल्याने भिंतीची जाडीही डोळ्यांत येते. १ मिमीची भिंत म्हणजे खऱ्यात ८७ मिमी! आतून घासून कड पातळ करा, नाहीतर सरळ कोळसा भरा. मी कोळसा भरतो.

शेवटी डिकलवरचा (डब्यावर चिकटवायच्या छापील अक्षरांवरचा) अकरा आकडी नंबर. पहिले दोन आकडे प्रकाराचे, पुढचे दोन मालक रेल्वेचे (मध्य रेल्वे ०१), मग दोन बांधणीच्या वर्षाचे, चार त्या डब्याचे, आणि अकरावा तपासणीचा. सम स्थानांवरच्या आकड्यांची बेरीज तिप्पट करायची, त्यात पहिल्या दहांतल्या विषम स्थानांची बेरीज मिळवायची, आणि पुढच्या दहाच्या पटीला जेवढे कमी पडतात तो अकरावा आकडा. समजा पहिले दहा १००१९५१२३५ आहेत: १३ ची तिप्पट ३९, अधिक १४, झाले ५३, म्हणून शेवटी ७ हवा. बहुतेक किटवाले इथे मनाला येईल तो आकडा टाकतात. वर्षाच्या जागी ९५ आणि बॉडी एचएलची, असं दिसलं तर डिकल बदला. एचएल त्या काळात नव्हतीच.