शुभवर्तमानावर मनन: सुरुवात कुठून करावी?

बायबल उत्पत्तीपासून वाचायला घेऊ नका. लेवीय हे नियमांनी भरलेलं तिसरं पुस्तक येईपर्यंत बहुतेकांचा उत्साह आटतो. मार्कच्या शुभवर्तमानापासून (येशूच्या जीवनाच्या वृत्तांतापासून) सुरू करा, अवघे 16 अध्याय आहेत. किंवा त्या दिवशीच्या मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) वाचला जाणारा शुभवर्तमानाचा उतारा घ्या.

दहा मिनिटं पुरेत:
- उतारा दोनदा वाचा, दुसऱ्यांदा मोठ्याने.
- मनाला अडलेलं एकच वाक्य धरा.
- त्यावर येशूशी घरच्या बोलीत बोला.
- आजच करायची एक गोष्ट ठरवा. ‘सर्वांवर प्रेम करीन’ नको. ‘अबोला धरलेल्या भावाला संध्याकाळी फोन करीन’ चालेल.

नेहमीची चूक म्हणजे उतारा स्वतःला सोडून सासूला किंवा शेजाऱ्याला लावणं. (लूकच्या शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायातला परुशी, म्हणजे इतरांना कमी लेखणारा कर्मठ यहुदी, हेच करत होता!) मन कोरडं राहिलं तरी उठू नका, ठरलेला वेळ बसा. भाष्यग्रंथ सध्या कपाटातच बरे.