‘लागलं’ इंग्रजीत कसं सांगायचं? इंग्लंडला निघालेल्या चोपड्याच्या नर्सला उत्तर

ओईटी, म्हणजे नर्स-डॉक्टरांची इंग्रजीची परीक्षा, पास झालीस, यॉर्कशायरच्या हॉस्पिटलचं पत्र आलं, मागून नवरा आणि सहा वर्षांचा मुलगा येणार. आता तुझी काळजी एवढीच, की हर्ट, इन्ज्युरी, वूंड, पेन, हार्म यातलं कुठे काय बोलायचं. परीक्षेत निभावलं, वॉर्डात निभेल का, असं विचारतेस. मी अमळनेरची. इकडे इंग्लंडच्या वॉर्डांत बरीच वर्षं गेली, म्हणून जरा पसरून लिहिते.

आपल्याकडे दगडाची ठेच बसली तरी ‘माले लागनं’ आणि जावेने टोमणा मारला तरी ‘मनले लागनं’. इंग्रजीत ही दोन्ही ओझी हर्ट उचलतो. अडलीस की तोच वापर. फक्त ‘माय लेग इज पेनिंग’ तिकडेच ठेवून ये. कळतं सगळ्यांना, पण इथली माणसं ‘माय लेग हर्ट्स’ म्हणतात.

इन्ज्युरी हा अपघाताचा, खेळाचा आणि कागदाचा शब्द. कामावर कुणी पडलं, की ॲक्सिडेंट बुकमध्ये तो येतो. त्यात लाजू नकोस, स्वतःला लागलं तरी लगेच नोंद करायला लाव. वूंड नर्सच्या तोंडी रोजचा, ऑपरेशनची जखम, चिघळलेली जखम वगैरे. पण घरी कांदा चिरताना बोट कापलं तर तो नुसता कट. तिथे ‘वूंडेड’ म्हणालीस तर ऐकणाऱ्याला वाटेल कुणी चाकू मारला. डॅमेज गाडीला होतं, लिव्हरला होतं, नसेला होतं. माणसाला ‘डॅमेज्ड’ म्हणणं म्हणजे शिवीच.

मुका मार म्हणजे ब्रूझ, खरचटलं म्हणजे ग्रेझ. पाय मुरगळून लिगामेंट दुखावलं तर स्प्रेन, स्नायू ताणला तर स्ट्रेन. तव्याने भाजलं तर बर्न, उकळत्या चहाने किंवा वाफेने पोळलं तर स्काल्ड. हे तू शिकलीच असशील, पुढे जाते.

खरी मजा दुखण्याच्या जातींत आहे. आपली आजी नुसतं ‘दुखस’ म्हणून थांबत नाही. ठणका, कळ, चमक, सणक, मुरडा सगळं वेगळं सांगते. ते इथे अगदी कामाला येतं. ठणकतं ते थ्रॉबिंग, सणक जाते ते शूटिंग, भोसकल्यासारखं ते स्टॅबिंग, आग होते ते बर्निंग, मुंग्या येतात ते पिन्स अँड नीडल्स, आणि बारीक दुखत राहतं ते ‘डल एक’ (dull ache). रोनाल्ड मेलझॅक या मानसशास्त्रज्ञाने 1975 साली मॅकगिल पेन क्वेश्चनेअर छापली, तिच्यात असे 78 शब्द 20 गटांत लावलेत. यादी एकदा वाचच. त्यात पनिशिंग, क्रूएल, टेरिफाइंग असेही शब्द आहेत, म्हणजे शरीराच्या दुखण्यात जीव किती घाबरतो तेही मोजलंय. पेशंट असं काही बोलला तर नाटक करतोय समजू नकोस.

उलट इथल्या म्हाताऱ्यांची खोड कमी सांगायची. ‘नॉट टू बॅड’ म्हणणाऱ्या आजोबांचं खुब्याचं हाड मोडलेलं असू शकतं. ‘अ बिट सोअर’वर विसंबू नकोस, शून्य ते दहा आकडा विचार, आणि कूस बदलताना चेहरा बघ. आपणही तेच करतो म्हणा. सुई टोचताना बहुतेक नर्स ‘शार्प स्क्रॅच’ म्हणतात, डॉक्टर ‘इट मे बी अ बिट अनकम्फर्टेबल’ म्हणतात, म्हणजे दुखणार आहे. पुअर्ली, म्हणजे आजारी, हा शब्दही लक्षात ठेव. शेजारीण सर्दीलाही तो वापरेल, पण डॉक्टरने ‘व्हेरी पुअर्ली’ म्हटलं तर नातेवाइकांना बोलावून घ्यायची वेळ असते.

आता जिथे गडबड महागात पडते ते. स्वयंपाकघरात हात भाजला तर ‘आय हर्ट मायसेल्फ’. चुकूनही ‘आय हार्म्ड मायसेल्फ’ नको. सेल्फ-हार्म म्हणजे जाणूनबुजून स्वतःला इजा करणं, आणि ते ऐकल्यावर पुढची सगळी चौकशी वेगळ्या वाटेने जाते. जायलाच हवी.

मुलाचंही तसंच. खेळता खेळता ‘पप्पांचा हात लागला’, हे तो शाळेत ‘पापा हिट मी’ असं सांगू शकतो. मुलाला मारणं स्कॉटलंडमध्ये 2020 पासून आणि वेल्समध्ये 2022 पासून बेकायदा आहे. इंग्लंडचा कायदा वेगळा असला तरी शाळा असं बोलणं कानाआड करत नाही. त्याला बम्प्ड (आपटलो), फेल (fell, पडलो), ट्रिप्ड (अडखळलो) हे शब्द निघायच्या आधीच शिकव. पण खरंच कुणी मारलं तर हिट म्हणायचं, हेही शिकव.

मनाच्या दुखण्याला शब्द हलके ठेव. ‘यू हर्ट मी’ हा थेट आरोप होतो, सिस्टरला, म्हणजे वॉर्डच्या प्रमुख नर्सला, तो तक्रारीसारखा ऐकू येतो. ‘आय वॉज अपसेट बाय दॅट’ पुरतं. ऑफेंडेड म्हणजे मान दुखावला, त्यात राग आहे. इन्सल्टेड त्याहून वर, समोरच्याने मुद्दाम केलं असं त्यात येतं. पेन मनासाठी फारच जड, तो कुणी गेल्यावरचा. आणि गटेड (फार निराश) ऐकून दचकू नकोस, मॅच हरली तरी हे लोक गटेड होतात. आपल्याकडे वाईट वाटलं की दोन दिवस अबोला धरतात आणि समोरच्याला आपोआप कळतं. इथे नाही कळत कुणाला. सरळ सांगावं लागतं, नाहीतर अबोला आपल्यालाच जड जातो.

सुरुवातीला यॉर्कशायरचे बोल डोक्यावरून जातील. ‘माय नीज प्लेइंग अप’, ‘इट्स गिव्हिंग मी जिप’, दोन्हींचा अर्थ दुखतंय. नोट्समध्ये स्वतःचं भाषांतर घालू नकोस. पेशंटचे शब्द अवतरणचिन्हांत जसेच्या तसे लिही, आणि कुठे ते एका बोटाने दाखवायला सांग.