स्टीम डेक नवीन घेतलायस? आधी हे वाच

मित्रा, डेक (वॉल्वचा हातात धरून खेळायचा गेमिंग कॉम्प्युटर) हातात आल्या आल्या विंडोज टाकायच्या मागे लागू नकोस, स्टीमओएस, म्हणजे डेकसोबत येणारी ऑपरेटिंग सिस्टीम, महिनाभर वापरून तर बघ, आतून ते आर्च लिनक्स (लिनक्सचाच एक प्रकार) आहे आणि विंडोजचे गेम त्यावर चालतात ते प्रोटॉन नावाच्या सॉफ्टवेअरमुळे, जे वाइन या विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या प्रकल्पावर उभं आहे, म्हणजे १९९३ पासून लोक घासतायत त्यावर, मला याचं खरंच फार कौतुक वाटतं. डेस्कटॉप मोडमध्ये (साध्या कॉम्प्युटरसारख्या स्क्रीनवर) सॉफ्टवेअर डिस्कव्हर या अ‍ॅप स्टोअरमधूनच घे, पॅकमॅनने (कमांड देऊन सॉफ्टवेअर टाकायचं आर्चचं साधन) टाकलेलं पुढच्या मोठ्या अपडेटला उडतं. बॅटरीसाठी तीन ठिपक्यांचं बटण दाबून फ्रेम सेकंदाला ४० वर लॉक कर, ३० पेक्षा कितीतरी स्मूद वाटतं आणि पंख्याचा आवाजही कमी होतो. अँटी-चीटवाले (चीटिंग रोखणारं सॉफ्टवेअर असलेले) ऑनलाइन गेम मात्र बरेचसे चालत नाहीत, पैसे भरायच्या आधी प्रोटॉनडीबीवर (कुठला गेम कसा चालतो ते खेळणारे नोंदवतात ती साइट) बघून घे.