मूल होण्याचं वय संपल्यावरही बायका इतकी वर्षं का जगतात? उत्क्रांतीत आजीचा उपयोग काय?

सर्वात पटणारं उत्तर ‘आजी गृहीतक’ देतं: स्वतःला मूल होणं थांबल्यावर आजीने नातवंडं जगवली, तर तिचीच जनुकं पुढे जातात, म्हणून दीर्घायुष्य टिकून राहिलं. मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टन हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे टांझानियातल्या हाड्झा या शिकार करून आणि कंदमुळं गोळा करून जगणाऱ्या लोकांच्या निरीक्षणावरून मांडलं. तिथल्या कडक जमिनीतून कंद उकरणं लहान मुलांना जमत नाही. आई तान्ह्यात अडकली की अंगावरचं दूध सुटलेल्या मोठ्या भावंडाचं पोट आजीच्या कंदांवर भरतं. (शिकारीचा बोलबाला जास्त, पण शिकार काही रोज मिळत नाही.) फिनलंड आणि कॅनडातल्या १८व्या-१९व्या शतकांतल्या चर्चच्या नोंदी तपासल्यावर २००४ मध्ये दिसलं, की पन्नाशीनंतर जगलेल्या दर १० वर्षांमागे बाईला सरासरी २ नातवंडं जास्त लाभली. मात्र प्रत्येक आजीचा परिणाम सारखा नसतो. पश्चिम आफ्रिकेतल्या गॅम्बिया देशातल्या नोंदींत आईची आई असेल तर मुलं जास्त जगली, वडिलांच्या आईमुळे तसा फरक पडला नाही. शिवाय पाळी मुळात थांबतेच का, हे कोडं या गृहीतकाने पूर्ण सुटत नाही. त्यावर वाद चालू आहे.